उत्तर खालून आलं पाहिजे

१

एकोणीस वर्षं डेल्फिना चिलीमध्ये दुसऱ्यांची वाईन बनवत होती. वाईन चांगली झाली की मालक बाटलीवर स्वतःच्या आजोबांचं चित्र छापायचा. बिघडली की मात्र डेल्फिनाला बोलावून घ्यायचा. मार्चमध्ये वडील गेल्याचा फोन आला, आणि आठवडाभरात ती वाल्देत्रिगोला परतली. स्पेनमधल्या दुएरो नदीच्या काठावरचं हे गाव. घराण्याचा द्राक्षमळा वीस एकरांचा, आणि तो सांभाळायला आता तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

मळ्यावर हॉटेल बांधायला दोन वेळा माणसं येऊन गेली होती. ओनोरातोनं, म्हणजे तिच्या वडिलांनी, दोन्ही वेळा त्यांना पोटभर जेवू घातलं आणि मळा विकला नाही. रोज सकाळी वेलींमधून चालताना डेल्फिना मनातल्या मनात त्यांचे आभार मानायची. जिवंतपणी ते जमलं नव्हतं. कुणी आभार मानायला लागलं की ओनोरातो विषय बदलायचे, नाहीतर खोली.

ऑक्टोबरात तोडणी सुरू झाली आणि तळघराचं काम लागलं.

गावाबाहेरच्या टेकडीत प्रत्येक घराचं एक तळघर कोरलेलं आहे. यांच्या तळघराला एक्केचाळीस पायऱ्या. खाली सहा मोठी लाकडी पिंपं, त्यात रस आंबत असतो. साली फुगून वर येतात, त्यांचा थर दिवसातून दोनदा दांड्यानं खाली दाबावा लागतो. रस आंबताना जो वायू सुटतो तो जड असतो. त्याला रंग नाही, वास म्हणावा तर फक्त वाईनचाच. तो पाण्यासारखा तळाशी साचतो आणि त्यात उतरलेला माणूस झोपल्यासारखा मरतो.

म्हणून या दिवसांत तळघरात एकट्यानं जायचं नाही. उतरणाऱ्यानं पेटती मेणबत्ती गुडघ्याच्या उंचीवर धरायची. ज्योत विझली की तिथूनच माघारी. दुसऱ्यानं दाराशी दगडी बाकावर बसायचं आणि ठरावीक वेळानं नाव घेऊन हाक मारायची. खालच्यानं उत्तर द्यायचं, "इथंय!" तीन हाकांना उत्तर आलं नाही तर लोखंडी घंटा वाजवून माणसं जमवायची. स्वतः मात्र उतरायचं नाही. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, अशी घरंच्या घरं या टेकडीत संपलेली आहेत.

दाराशी बसायचं काम विसी आत्याचं. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. मांडीवर शेंगा घेऊन ती निवडत बसायची आणि दहा 'नमो मारिया' प्रार्थना म्हणून झाल्या की एक हाक मारायची. घाईत असली की दहाच्या आठ करायची. देव मोजत बसत नाही, असं तिचं मत होतं.

"डेल्फिनाऽ!"

"इथंय!"

"कुठं इथं? चिलीत का?"

"आत्या, काम करू दे."

"तू कर की. मी कुठं दांडा धरलाय तुझा?"

अर्ध्या तासानं डेल्फिना वर यायची, उन्हात डोळे मिचकावायची, हात पुसायची. कुणीतरी आपलं नाव घेत दाराशी बसलंय, ही गोष्ट तिला एकोणीस वर्षांत मिळाली नव्हती. चिलीतल्या कारखान्यात ती उतरायची तेव्हा भिंतीवर फक्त सूचना असायच्या.

एकच गोष्ट तिला विचित्र वाटायची. ती वर आल्यावर, शेजारी उभी असताना, आत्या पुन्हा एकदा दारातून आत वाकायची आणि म्हणायची, "आणि तू?" मग थोडं थांबायची, मान हलवायची आणि दार लावायची.

म्हातारपण, असं डेल्फिनानं ठरवून टाकलं होतं.

२

तोडणीच्या नवव्या दिवशी वारा पडला होता. डेल्फिना वर आली, दाराच्या चौकटीला टेकून बूट काढू लागली. आत्या आत वाकली.

"आणि तू?"

खालून, पार खालून, आवाज आला.

"इथंय."

पुरुषाचा आवाज होता. घसा बसलेला, पण सौम्य. जेवायला बोलावल्यावर 'आलोच' म्हणावं तसा.

आत्यानं मान हलवली आणि दार लावलं.

डेल्फिनाच्या हातात एक बूट तसाच राहिला. "आत्या, खाली कोण आहे?"

"कुणी नाही. आत्ताच तर तू आलीस ना खालून? दिसलं का कुणी?"

"मग उत्तर कुणी दिलं?"

"तुला आज ऐकू आलं होय! मला वाटलं, तिकडे मशिनांजवळ राहून कान गेले तुझे." आत्यानं शेंगांची टोपली उचलली. "सत्तावन्न वर्षं विचारतेय. त्याच्या आधी माझी आई विचारायची. तो उत्तर देतो. एकदाही उलट बोलला नाही. तुझ्या आतोबांना सत्तावन्न दिवससुद्धा नाही जमलं."

"पण तो कोण?"

"मी कशाला विचारू? इतकी ओळख असताना आता नाव विचारलं तर वाईट नाही का दिसणार?"

३

डेल्फिना शिकलेली बाई होती. तिनं शिकलेल्या माणसासारखं सगळं केलं. तळघराच्या छतातून टेकडीवर हवेचं एक दगडी नळकांडं निघतं, त्यात डोकं घालून पाहिलं. तोडणीवाल्यांचा मुकादम तेओदुलो याचं तळघर शेजारीच, ते आतून आपल्या तळघराला जोडलंय का, हेही विचारून झालं.

"जोडलेलं असतं," तेओदुलो म्हणाला, "तर तुमच्या बापाची वाईन मी इतकी वर्षं मागून कशाला प्यायलो असतो?"

प्रतिध्वनी म्हणावा तर आत्या म्हणते 'आणि तू' आणि येतं 'इथंय'. प्रतिध्वनी शब्द बदलत नाही. पाचव्या पिंपापाशी तीन पायऱ्यांचा एक खड्डा होता, त्यात सगळ्यात जुनं सहावं पिंप. तिथं दांडा मारताना तिच्या लक्षात आलं की आपण रोज याच्याकडे पाठ करून उभं राहणं टाळतो. कधीपासून, ते तिला आठवेना.

रोज संध्याकाळी तो एकच शब्द यायचा, आणि दार लागायचं. तिला झोप लागत होती, भूक लागत होती. आत्याचं लसणाचं सूप ती दोन वाट्या प्यायची. मनात मात्र एकच गोष्ट फिरत होती. वर हाक मारणारं माणूस त्या आवाजावर विसंबून आहे. उद्या मी खाली पडले आणि माझ्याऐवजी त्यानंच 'इथंय' म्हटलं, तर? घंटा वाजणार नाही. कुणी येणार नाही. आत्या शेंगा निवडत बसेल.

या विचारात खोट काढता येत नव्हती. म्हणून तिनं एक प्रयोग ठरवला, आणि प्रयोगात खोट आहे की नाही हे पाहायचं राहून गेलं.

४

चौदाव्या दिवशी सकाळी अकराला ती खाली उतरली. मेणबत्ती पहिल्या पिंपाच्या कडेवर ठेवली. गळ्यापाशी वायू मोजायचं छोटं यंत्र असायचं, चिलीहून आणलेलं. ते मधूनमधून टिकटिक करायचं. ऐकण्यात अडथळा नको म्हणून तिनं त्याचा आवाज बंद केला. मग ती सहाव्या पिंपापर्यंत गेली, तीन पायऱ्या उतरली आणि उकिडवी बसली.

ठरवलं होतं ते असं, की आत्याच्या एका हाकेला, फक्त एकाच, उत्तर द्यायचं नाही. तो देतो का, आणि दिलं तर कुठून, हे ऐकायचं. दुसऱ्या हाकेला आपण बोलायचं.

"डेल्फिनाऽ!"

ती गप्प राहिली. पिंपात रस बुडबुडत होता. दुसरं कुणी बोललं नाही.

नाही देत, तिच्या मनात आलं, माझ्या नावाला तो उत्तर देत नाही. तिला इतकं हायसं वाटलं की ती जवळजवळ हसली. मग उठायला गेली आणि पाय उठले नाहीत.

भीती वाटली नाही, हीच यातली सगळ्यात भयंकर गोष्ट होती. अंग उबदार झालं. गळ्यातल्या यंत्रावर लाल दिवा लागलेला तिला दिसला, आणि लाल रंग किती छान आहे असं वाटलं.

"डेल्फिनाऽ!"

इथंय, तिनं म्हटलं. ओठ हलले असावेत. आवाज निघाला नाही. लांब, पहिल्या पिंपावर, तिची मेणबत्ती जळत होती, ताऱ्याएवढी.

मग दुसरी एक मेणबत्ती दिसली.

ती जवळ होती. खाली होती, खड्ड्याच्या तळाशी, जिथं ज्योत जगूच शकत नाही तिथं. जळत होती आणि जराही हलत नव्हती. श्वास घेणाऱ्या माणसाच्या हातातली ज्योत थोडी तरी हलते.

मेणबत्ती गुडघ्याच्या उंचीवर धरलेली होती, म्हणून गुडघ्यांपर्यंतच दिसलं. दोन अनवाणी पाय. गुडघ्यांपर्यंत जांभळे, द्राक्षं तुडवणाऱ्याचे होतात तसे. पण हा रंग लागलेला नव्हता, कातडीत मुरलेला होता. बोटं ओल्या दगडावर रुंद पसरलेली. गुडघ्यांच्या वर काळोख होता, आणि तो काळोख तिच्याकडे वाकून बघत होता.

पाय वळले आणि पायरी चढू लागले. ज्योत त्यांच्याबरोबर गेली. डेल्फिना त्या ज्योतीमागे हातांवर, कोपरांवर ओढत निघाली, कारण त्या क्षणी जगात दुसरं काही नव्हतं.

५

वर आल्यावर आत्यानं तिला दोन थोबाडीत मारल्या. एक शुद्धीवर आणायला, दुसरी उत्तर न दिल्याबद्दल.

"पुन्हा गप्प राहिलीस तर मी स्वतः पुरीन तुला! बापाच्या शेजारी जागा आहे!"

डेल्फिना गवतावर पडून हवा पीत होती. वर ऑक्टोबरातलं स्वच्छ आकाश होतं. ती रडत होती आणि हसत होती. आत्या तिचं डोकं मांडीवर घेऊन, तोंडानं शिव्या आणि हातानं कुरवाळणं, दोन्ही एकदम करत होती.

"घंटा वाजवलीस?" बऱ्याच वेळानं डेल्फिनानं विचारलं.

"दोरीला हात घातला होता. दोन हाका फुकट गेल्या. मी तिसरी मारली, आणि उत्तर आलं."

"मी नाही दिलं."

"कळतं मला. तू 'इथंय' म्हणतेस ते पाहुण्यासारखं म्हणतेस. हा तो होता." आत्याचा हात थांबला. "तुझ्या नावाला त्यानं कधीच उत्तर दिलं नव्हतं. म्हणून मी दोरी सोडली नाही, पण ओढलीही नाही. मग तो प्रत्येक पायरीला बोलायला लागला. इथंय. इथंय. इथंय. मी मोजत होते. वर वर येत होता आवाज. मला कळलं, पोरीला घेऊन येतोय."

"कितव्या पायरीपर्यंत?"

आत्यानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"एक्केचाळीस," ती म्हणाली.

दोघींनी दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं, आणि ऊन पाचव्या-सहाव्या पायरीपर्यंत आत गेलेलं होतं.

मग तेओदुलो आला, डॉक्टर आला, शेजारच्या तळघरांतली माणसं आली. प्रत्येकानं आपापल्या घरातलं कोण कसं मेलं ते सांगितलं आणि डेल्फिना वाचल्याबद्दल तिच्या गालाचा मुका घेतला. कुणीतरी वेलींच्या काटक्या पेटवून कोकराचं मांस भाजलं. डेल्फिनानं पाच तुकडे खाल्ले. इतकं चविष्ट काही आपण आयुष्यात खाल्लं नाही असं तिला वाटलं, आणि ते बहुधा खरं होतं.

दुपारी चारला सगळे पांगले, तेव्हा आत्या दार लावायला उठली. आत वाकली.

"आणि तू?"

ती थांबली. पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा, मोठ्यानं. सत्तावन्न वर्षांत तिला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नव्हतं.

खाली रस बुडबुडत होता.

६

पुढचे तीन दिवस आत्या काही खाईना. डेल्फिना खाली जाऊन काम करून यायची. मेणबत्ती गुडघ्याशी धरायची, प्रत्येक हाकेला ओरडून उत्तर द्यायची. सहाव्या पिंपाकडे आता तिला काहीच वाटत नव्हतं. नुसतं पिंप होतं. रिकामं झालेलं घर कळतं, तसं ते कळत होतं.

"निघून गेला असेल," ती म्हणाली. "बरं झालं. सुटला बिचारा."

"सुटला?" आत्यानं सुरी खाली ठेवली. "पोरी, आपण ते दार कशासाठी लावतो?"

"चोरांसाठी."

"चोर या गावातून माझ्या लग्नाआधीच गेले, त्यांचं पोट भरेना म्हणून. आईनं मला एवढंच सांगितलं होतं: आधी विचारायचं. उत्तर खालून आलं पाहिजे. मगच दार लावायचं."

"आणि नाही आलं तर?"

"ते सांगायच्या आत ती गेली. किंवा तिलाही माहीत नसेल. आमच्या घरात प्रश्न विचारायची रीतच नव्हती, तू तेवढी निघालीस."

डेल्फिनानं तिचा हात हातात घेतला. तो थंड होता.

"आत्या, त्यानं मला वर आणलं. मी आज इथं बसून तुझी कटकट ऐकतेय ती त्याच्यामुळे. त्याला वाईट कसं म्हणू?"

"मी कुठं वाईट म्हणते? सत्तावन्न वर्षांची ओळख आहे माझी," आत्या म्हणाली. "पण इतकी वर्षं तो कुठं आहे ते मला माहीत होतं."

७

तोडणीचा शेवटचा दिवस. नदीकाठच्या तुकड्यात वेली तारांवर चढवलेल्या आहेत. रांगेच्या पलीकडचा माणूस पानांआड जातो, खाली फक्त पाय दिसतात. दुपारी तीनच्या सुमाराला तोडणीवाले शेवटच्या पेट्या गाडीत चढवत होते. आत्या हट्टानं आली होती, काठी टेकत. घरी एकटी बसायला ती तयार नव्हती.

तेओदुलो टोपीनं वारा घेत आला. "काय हो बाई, टोकाच्या रांगेवर कोणाला लावलंय? माझी माणसं अकरा, सगळी गाडीपाशी. आणि त्या रांगेत बारा पेट्या भरून तयार! एक पान नाही आत, एक फुटका मणी नाही. ना पाणी मागितलं, ना विडी. असे दोन द्या मला पुढच्या वर्षी, या सगळ्यांना घरी बसवतो."

"माझ्यासमोर बोल!" गाडीवरून कुणीतरी ओरडलं.

"तुझ्यासमोरच बोलतोय, तू पेटी उचलत नाहीस म्हणून ऐकायला मोकळा आहेस!"

हसणं झालं, गाडी निघाली, तेओदुलो तिच्यामागे गेला. धूळ खाली बसली. डेल्फिना टोकाच्या रांगेकडे चालू लागली. आत्या मागून येत होती. काठीचा आवाज येत होता.

पेट्या ओळीनं लावलेल्या होत्या. एकेक घड जपून ठेवलेला, निजलेल्या लेकरासारखा. जुन्या माणसांनाच अशी तोडणी जमायची. डेल्फिनानं एक घड उचलला, तो अजून गार होता. उन्हातल्या द्राक्षाच्या मानानं फारच गार.

तिनं मान वर केली नाही, खालीच पाहिलं. पानांच्या कडेखाली, चार पावलांवर, ते पाय होते. अनवाणी, जांभळे, तांबड्या मातीत बोटं रोवलेले. टाचा तिच्याकडे होत्या. तो सूर्याकडे तोंड करून उभा होता. गुडघ्यांच्या वर पानं होती. पानं हलत होती आणि तिथं वारा नव्हता.

मागं आत्याची काठी थांबली.

तिच्या दंडावर आत्याची बोटं रुतली. आत्यानं श्वास घेतला, हाक मारायला, तो नेहमीचा प्रश्न विचारायला. डेल्फिनानं वळून तिच्या तोंडावर हात ठेवला.

"राहू दे," ती कुजबुजली. "विचारलंस तर त्याला खाली जाऊन उत्तर द्यावं लागेल. थोडं ऊन खाऊ दे."

आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं मान डोलावली. दोघी तशाच उभ्या राहिल्या. नदीवरून बगळे गेले. डेल्फिनाच्या मनात आभाराचे शब्द गोळा होत होते. वडिलांसाठी, या मातीसाठी, अंगात खेळणाऱ्या श्वासासाठी, पानांआडच्या त्याच्यासाठी. ते मोठ्यानं म्हणावेत का, असा तिला विचार पडला.

पाय वळले. आता बोटं तिच्याकडे होती.

"डेल्फिनाऽ!"

तोच आवाज, घसा बसलेला, सौम्य. घाई नाही, राग नाही. दाराशी बसलेलं माणूस मारतं तशी हाक. खाली उतरलेल्या माणसाला मारतात तशी.

आत्या जोरजोरानं मान हलवत होती. नको. नको. पण ज्यानं आपल्या नावाला उत्तर दिलं त्याला आपण नाही कसं म्हणायचं, हे डेल्फिनाला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या पायांखालची जमीन गार लागत होती. सूर्य अजून वर होता, तरी जरा लांब गेल्यासारखा, छोटा दिसत होता.

"इथंय," तिनं उत्तर दिलं.

वेलींपलीकडे समाधानाचा एक उसासा ऐकू आला. मग ते गुडघे हळूहळू वाकू लागले. तो बसत होता, तळघराच्या दाराशी हाका मारायला बसावं तसा. बसला की पानांखालून सगळंच दिसलं असतं.

डेल्फिनानं डोळे मिटले, आत्याचा हात घट्ट धरला, आणि पुढच्या हाकेची वाट बघत उभी राहिली.